मांडणी बदलून बघते

ठाण्यातल्या त्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरला सगळे चहाचं मशीन म्हणायचे. पेशंटचं नाव टाइप करायचं, एन्टर दाबायचं, समोरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन यायचं; तोवर पडद्यावर जुन्या केसपेपरचा नंबर आलेला असायचा. आला नसेल तर दुसरा चहा. हा विनोद हॉस्पिटलच्या सेक्रेटरी डॉक्टरांनी आमच्या साहेबांना फोनवर ऐकवला आणि पुढे म्हणाले, "हा महिना बघतो. नाहीतर मशीन उचलून न्या. आमच्या वह्या बऱ्या होत्या."

साहेबांनी फोन ठेवून ते आम्हाला सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. आमचं ऑफिस म्हणजे वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याचा पोटमाळा. खाली पत्रा कापायचं वर्कशॉप, वर आम्ही चौघं: साहेब, हिशेबापासून चहापर्यंत सगळं बघणारे एक काका, आणि डेटा एन्ट्री करणाऱ्या आम्ही दोघी. हॉस्पिटल हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. ते गेलं की दोघींपैकी एकीला घरी जावं लागणार, हे कोणी बोललं नाही तरी चौघांनाही कळत होतं. मी शेवटी लागलेली, म्हणजे मीच. घरी डोंबिवलीत वडिलांची कंपनी बंद पडलेली आणि धाकटा भाऊ अजून शिकत होता. मला ती नोकरी हवी होती. खरं म्हणजे मला त्याहून थोडं जास्त हवं होतं. मी वर्षभर संध्याकाळचा क्लास करून प्रोग्रॅमिंग शिकले होते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये नावं भरत बसले होते.

मला लहानपणापासून याद्या करायची सवय. त्या संध्याकाळी मी एक यादी केली: हॉस्पिटलचं काम कुठे कुठे अडतं. दुसऱ्या दिवशी ती घेऊन साहेबांच्या टेबलाशी गेले.

"हॉस्पिटलचा प्रोग्रॅम मी बघू का?"

"तू एन्ट्री कर ना बाई. प्रोग्रॅममध्ये काही नाहीये. मशीन जुनं झालंय. त्यांना म्हणू, नवं घ्या."

"ते घेणार नाहीत."

"मग तू काय करणार आहेस?"

"मांडणी बदलून बघते."

"कसली मांडणी? भांड्यांची?"

काका हिशेबाच्या वहीत तोंड घालून हसले. मीही हसले, कारण साहेब चुकून बरोबर बोलले होते.

क्लासचे सर ज्याला डेटा स्ट्रक्चर म्हणायचे त्याला मी मनातल्या मनात मांडणीच म्हणायचे. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला स्टीलची मांडणी होती, तेव्हा सगळ्यांकडे असायची तशी. ताटं उभी राहायला खाचा, वाट्यांना जाळी, कपांना हूक. आई भाजी ढवळता ढवळता, मागे न बघता हात लांब करून हवी ती वाटी काढायची. हीच सगळी भांडी धुऊन एका टोपलीत भरून ठेवली असती तर तीच वाटी काढायला तिला निम्मी टोपली उपसावी लागली असती. भांडी तीच, आई तीच, हात तेवढाच चपळ. फरक ठेवण्यात.

साहेबांचा प्रोग्रॅम ही टोपली होती. पेशंट आला की त्याचं नाव यादीच्या शेवटी जायचं. शोधायचं असलं की कॉम्प्युटर पहिल्या नावापासून सुरू करून एकेक नाव ताडून बघत यायचा. हॉस्पिटल नवं होतं तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. पेशंट दुप्पट झाले तसा शोधायचा वेळ दुप्पट झाला, तिप्पट झाले तसा तिप्पट. हॉस्पिटल जितकं चांगलं चालणार तितका आमचा प्रोग्रॅम वाईट चालणार. नवं मशीन घेतलं असतं तर वर्षभर सुख, मग नव्या पेशंटांनी ते सुख खाऊन टाकलं असतं.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं, भांड्यांसकट.

"बरं," ते म्हणाले. "एन्ट्रीचं काम सांभाळून कर. आणि जमलं तर काय हवंय तुला?"

"अपॉइंटमेंट लेटरवर 'प्रोग्रॅमर' लिहून हवंय."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तसंही मला जायचंच आहे."

काकांनी आता वहीतून तोंड बाहेर काढलं. साहेब त्यांना म्हणाले, "ही बोलते कधी नाही आणि बोलते तेव्हा अशी."

पहिला उपाय सोपा वाटला. नावं एबीसीडीप्रमाणे लावून टाकायची. (तेव्हा आमच्या मशीनवर नावं इंग्रजी अक्षरांतच भरायची, आडनाव आधी.) नावं क्रमानं असली की डिक्शनरीत शब्द शोधतो तसं शोधता येतं: मधोमध उघडायचं, शब्द पुढे आहे का मागे ते बघायचं, अर्धा भाग सोडून द्यायचा, उरलेल्याच्या पुन्हा मधोमध. यात नावं दुप्पट झाली तरी फक्त एक उघडझाप वाढते. शोधणं इतकं झटपट झालं की मला स्वतःचाच अभिमान वाटला, आणि तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला. सुट्टीनंतर मी नवा पेशंट भरून बघितला. क्रम मोडायचा नाही म्हणजे त्याला मधेच जागा करून द्यायची, आणि मधे जागा करायची म्हणजे त्याच्या पुढची सगळी नावं एकेक घर सरकवायची. सार्वजनिक सतरंजीवर एक बाई उशिरा येऊन मधेच बसली की सगळी रांग सरकते तसं. हॉस्पिटलात सकाळी जुन्यांच्या बरोबरीनं नवे पेशंट येतात. चहा शोधण्यातून निघून नोंदणीत गेला असता, इतकंच.

आईच्या मांडणीत असं होत नाही. नवं ताट आलं तर ते ताटांच्या खाचेत जातं. वाट्यांना आणि कपांना त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे कप्पे हवेत. नाव बघितलं की ते कुठल्या कप्प्यात असणार हे नावावरूनच कळलं पाहिजे, मग फक्त तेवढाच कप्पा उघडायचा. मी आडनावाच्या पहिल्या अक्षराचे सव्वीस कप्पे केले. ए पासून झेड.

तपासायला नावं हवी होती. आमच्या सोसायटीची यादी माझ्याकडे होतीच; वर्गणी, पाणी, गच्चीची किल्ली, सगळ्याच्या याद्या मी ठेवायचे. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या मागून आणल्या. भरून बघितलं. क्यू आणि एक्स रिकामे, बाकी कप्प्यांत थोडी थोडी नावं, कुठलाही कप्पा फुगलेला नाही. शोधणं झटपट, भरणं झटपट. साहेबांनी स्वतः बसून स्वतःचं नाव भरून शोधलं, मग बायकोचं, मग मेहुण्याचं.

"सोमवारी टाक हॉस्पिटलात," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मी काउंटरवरच्या ताईंच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. ताई जवळच्या बाळकुम गावातल्या, हॉस्पिटल उघडल्यापासून केसपेपर त्यांच्याच हातात. दहा बोटांनी टाइप करायच्या आणि एका डोळ्यानं रांगेवर लक्ष ठेवायच्या. पहिलं नाव के चं होतं. लगेच आलं.

"अरे वा," ताई म्हणाल्या. "आता चहावाल्याचं कसं व्हायचं?"

दुसरं डी चं, तेही लगेच. तिसरं पी चं. मशीन गुरगुरायला लागलं आणि गुरगुरतच राहिलं. चौथं पुन्हा पी. पाचवं एम. सहावं पी. रांग दारापर्यंत गेली, मग दाराबाहेर. ताईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "टपरी चालू ठेवायला सांगू ना?"

तेवढ्यात रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंची पाळी आली. नऊवारी, कानात जड सोनं, हातात औषधाची रिकामी बाटली, मागे सून. त्यांनी नुसतं आडनाव सांगितलं आणि बाटली काउंटरवर ठेवली. ते पी चंच होतं.

मी म्हटलं, "आजी, या आडनावाचे खूप आहेत. पुढचं सांगा."

"खूप म्हनजे? आमचे गावान सगली तीच हायेत," त्या म्हणाल्या. "आडनावाशी कोन वलखतो? पुढचा इचार ना."

"तेच विचारतेय. तुमचं नाव?"

त्यांनी नाव सांगितलं.

"आणि मिस्टरांचं?"

आजींनी मान वळवली आणि सुनेला कोपर मारलं. "मी कशी घेऊ त्यांचा नाव? तू सांग."

सुनेनं सासऱ्यांचं नाव सांगितलं. मागून एक माणूस म्हणाला, "आजी, ते नाव नाय घेतलंस तर गोली पन नाय भेटनार." रांग हसली, आजीही पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मशीन गुरगुरत राहिलं.

मी मात्र तेव्हाच उठले आणि ताईंकडे कागद मागितला. एकेका कप्प्यात किती नावं आहेत ते मशीनकडूनच मोजून घेतलं. पी, एम, बी आणि टी, या चार कप्प्यांत जवळजवळ सगळं हॉस्पिटल बसलं होतं. उरलेल्या बावीस कप्प्यांत उरलेलं चिमूटभर. माझी मांडणी म्हणजे बावीस रिकामे हूक आणि चार टोपल्या.

कारण समजायला मला वेळ लागला नाही. आमच्या सोसायटीत कोणी रत्नागिरीचं, कोणी साताऱ्याचं, कोणी नागपूरकडचं. नोकरीसाठी जो तो आपापल्या गावाहून आलेला. आडनावं विखुरलेली असणारच. हॉस्पिटलात येणारी माणसं खाडीकाठच्या गावांतली, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली. अख्ख्या गावाची दोन-तीन आडनावं. माझी यादी पाहुण्यांची होती आणि हॉस्पिटल यजमानांचं.

दुपारी सेक्रेटरी डॉक्टर खाली आले. रांग बघून त्यांनी माझ्या साहेबांना फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण डॉक्टरांचं येत होतं. "महिना म्हणालो होतो, म्हणून महिना. शेवटच्या सोमवारी मी स्वतः उभा राहणार."

संध्याकाळी खोपटला बस बदलताना मी पुढच्या कामाची यादी डोक्यात लावत होते. दोनच ओळी होत्या. कप्पे नावावरून ठरायला हवेत, ही गोष्ट बरोबर. कुठल्या नावावरून, ती चूक. आजींच्या गावात माणूस आडनावानं ओळखत नाहीत; स्वतःचं आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून ओळखतात. मग मशीननं तरी आडनावावर का अडावं?

मी तिन्ही नावं घेतली. प्रत्येक अक्षराला एक आकडा दिला, अक्षर कितव्या जागी आहे त्यानं तो गुणला आणि सगळ्यांची बेरीज केली. त्या बेरजेला हजाराच्या थोड्या आतल्या एका मूळ संख्येनं भागलं. बाकी उरेल तो कप्प्याचा नंबर. म्हणजे जवळजवळ हजार कप्पे, आणि एकाच आडनावाची दोन माणसं बहुधा वेगवेगळ्या कप्प्यांत. एकाच कप्प्यात आलीच तर एकामागे एक उभी राहतील. तेवढी दहा-बारा नावं ताडायला मशीनला धापही लागत नाही.

या वेळी मी सोसायटीची यादी वापरली नाही. हॉस्पिटलचीच सगळी नावं फ्लॉपीवर आणली आणि कप्प्यात टाकली. कप्पे सारखे भरले. आणि तरी मी टाइप करून विचारलेली अनेक नावं सापडेनात.

आहेत, पण सापडत नाहीत. हे सगळ्यात वाईट. शोधून शोधून कळलं की भरताना एक स्पेलिंग, विचारताना दुसरं. एकाच नावात कोणी आय लिहितं, कोणी डबल ई. कोणी यू, कोणी डबल ओ. एक अक्षर बदललं की बेरीज बदलते, बेरीज बदलली की कप्पा बदलतो. जुना प्रोग्रॅम हळू होता, पण सगळी नावं डोळ्यांखालून घालायचा, त्यामुळे जवळपासचं तरी दाखवायचा. माझा थेट चुकीच्या कप्प्यात जाऊन हात हलवत परत यायचा.

मी स्पेलिंगं एकाखाली एक लिहून काढली आणि त्यांच्याकडे बघत बसले. ती मोठ्यानं वाचली तेव्हा लक्षात आलं: भांडण फक्त काना, मात्रा, वेलांटी, उकाराचं आहे. मूळ अक्षरं तीच आहेत. आपल्या लिपीत आपण नाव लिहितो तेव्हा आधी अक्षर मांडतो आणि मग त्याला मात्रा लावतो; मात्रा काढून घेतल्या तरी आपल्या माणसाचं नाव ओळखू येतं. मग बेरीज करताना ए, ई, आय, ओ, यू गाळून टाकायचे. कप्पा मूळ अक्षरांवरून ठरवायचा आणि कप्प्यात गेल्यावरही तीच अक्षरं ताडून जुळणारी पूर्ण नावं पडद्यावर दाखवायची. व्ही का डब्ल्यू, एक्स का के-एस-एच, असे चार-सहा वाद तरीही उरले. त्यांचा एक तक्ता टाइप करून मी ताईंच्या काउंटरवर चिकटवला.

"आता या वयात मला स्पेलिंग शिकवणार का तू?" ताई म्हणाल्या.

"तुम्हाला नाही ताई. तुमच्या सुट्टीत जो बसेल त्याला."

"मग ठीक आहे. तो अगदीच ढ आहे."

साहेबांना मी नवी मांडणी समजावली तेव्हा त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही चांगले होते.

"कोणी नुसतं आडनाव सांगितलं तर?"

"नाही सापडणार. पण तिथे नुसत्या आडनावानं पोस्टमनलाही कोणी सापडत नाही."

"आणि डॉक्टरांना दर महिन्याला एबीसीडीप्रमाणे छापील यादी लागते. तुझ्या कप्प्यांत तर सगळा क्रमच गेला."

हे खरं होतं. कुठलीही मांडणी घेतली की एक काम सोपं होतं आणि दुसरं अवघड. पण शोधणं आणि नोंदवणं सकाळपासून संध्याकाळपर्यंत सतत चालतं, छापील यादी महिन्यातून एकदा निघते. "यादीच्या वेळी नावं क्रमानं लावून घेऊ," मी म्हटलं. "त्या दिवशी मशीन चहा पिऊ दे."

शेवटचा सोमवार नेमका गणपतीच्या सुट्टीनंतरचा आला. तापाची साथ, अंगणापर्यंत रांग. डॉक्टर हाताची घडी घालून ताईंच्या मागे उभे राहिले. साहेब आले होते, आणि साहेब आले म्हणून काकाही आले होते. मी स्टुलावर बसले नाही. मला बसवत नव्हतं.

पहिलं नाव पी चं. ताईंनी टाइप केलं, एन्टर दाबलं, आणि काही झालंच नाही असं वाटून पुन्हा दाबलं.

"ताई, आलाय नंबर," मी म्हटलं.

ताईंनी पडद्याकडे बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं. मग मागे वळून आतल्या माणसाला केसपेपरचा नंबर ओरडून सांगितला आणि रांगेला म्हणाल्या, "पुढे."

पी. एम. पी. बी. पी. मशीनला गुरगुरायला वेळच मिळत नव्हता. डॉक्टरांनी थोडा वेळ बघितलं आणि मग म्हणाले, "हे जुने पेशंट आहेत, वरचे. जुन्या प्रोग्रॅममध्येही वरची नावं लवकरच यायची. आत्ता दहा मिनिटांपूर्वी नोंदवलेला पेशंट काढा."

माणूस हुशार होता. जुन्या यादीत सगळ्यात वर काय असतं आणि तळाशी काय, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ताईंनी आत्ताचाच पेशंट काढला. तितकाच वेळ. अगदी पहिल्या वर्षातला काढला. तितकाच. एकाच आडनावाचे, एकाच नावाचे, फक्त बापाचं नाव वेगळं असे दोघं काढले. दोघंही.

"आणि पुढच्या वर्षी पेशंट वाढले की?" डॉक्टरांनी मला विचारलं, साहेबांना नाही.

"कप्पे थोडे भरतील. तुम्हाला फरक कळणार नाही. फार वाढले तर मी कप्पे वाढवून देईन. मशीन हेच चालेल."

साहेब नव्या मशीनचं माहितीपत्रक खिशात घेऊन आले होते. ते खिशातच राहिलं.

बाराच्या आत रांग संपली. ताईंना काम उरलं नाही, म्हणून त्या आलेल्या एकेकाला नाव सांगायला उशीर का लावतोस म्हणून झापायला लागल्या. "पटकन बोल रे, मशीन थांबलंय तुझ्यासाठी." एक बाई नवऱ्याचं नाव घ्यायला लाजली, तर ताई म्हणाल्या, "घे गं बाई, उखाण्यात घे, पण घे."

डॉक्टरांनी साहेबांना आत बोलावलं. ते बाहेर आले तेव्हा पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीचं काम ठरलं होतं. आम्ही रिक्षात बसलो. काका पुटपुटले, "भांड्यांची मांडणी म्हणे," आणि मांडीवर हात मारून घेतला.

ऑफिसात आल्यावर साहेबांनी पत्र स्वतः टाइप केलं. 'डेटा एन्ट्री ऑपरेटर' च्या जागी 'प्रोग्रॅमर', पगाराच्या जागी आधीपेक्षा बरा आकडा. मी वाचून घेतलं, त्यांनी सही केली आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "तुझ्यापायी माझं एक मशीन विकायचं राहिलं."

"त्याऐवजी तीन हॉस्पिटलं मिळतील," मी म्हटलं.

दोन तर त्याच वर्षी मिळाली, एक ठाण्यातलं आणि एक कल्याणचं. तिसरं डोंबिवलीचं, आमच्याच गल्लीच्या टोकाचं. ते पुढच्या वर्षी आलं, आणि त्याचं टेंडर मी भरलं.